दोन्ही नमुन्यांचा एक्सआरडी सारखा, मग काम वेगळं का? मॉलिब्डेनम कार्बाइड बनवण्याच्या रीतीविषयी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून कार्बन मोनॉक्साइड मिळवण्यासाठी, म्हणजे रिव्हर्स वॉटर गॅस शिफ्टसाठी, तुम्ही मॉलिब्डेनम कार्बाइड हा उत्प्रेरक दोन रीतींनी बनवला. पहिल्या खेपेला मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडची पूड बोटीत, म्हणजे भट्टीत ठेवायच्या लांबट उथळ भांड्यात, पसरली आणि हायड्रोजनमधल्या २० टक्के मिथेनमध्ये ७०० अंशांपर्यंत तापवली. दुसऱ्या खेपेला अमोनियम हेप्टामॉलिब्डेटचं द्रावण नारळाच्या करवंटीच्या ॲक्टिव्हेटेड कार्बनमध्ये जिरवलं, वाळवलं आणि नुसत्या हायड्रोजनमध्ये ७०० अंशांना नेलं. दोन्हींच्या एक्सआरडीत, म्हणजे स्फटिकातली अणूंची मांडणी दाखवणाऱ्या क्ष-किरण चाचणीत, हेक्झागोनल (षटकोनी मांडणीचं) मॉलिब्डेनम कार्बाइडच दिसतं. बीईटी क्षेत्रफळ, म्हणजे वायू शोषून मोजलेलं पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, मात्र पहिल्याचं ग्रॅमला १२ चौरस मीटर आणि दुसऱ्याचं ५४०. मॉलिब्डेनमच्या वजनामागे पाहिलं तर दुसरा नमुना चौपट काम करतो आणि नको असलेला मिथेनही कमी बनवतो. तुमचे गाइड म्हणतात, क्षेत्रफळ जास्त म्हणून काम जास्त. तुम्हाला ते पूर्ण पटत नाही.

तुमची शंका रास्त आहे. ते ५४० कार्बनचं क्षेत्रफळ आहे, कार्बाइडचं नव्हे. कार्बाइडची घनता ९ च्या आसपास असते. ग्रॅमला १०० चौरस मीटर गाठायचे तर कण सहा-सात नॅनोमीटरचे हवेत, एवढा साधा हिशेब केला तरी लक्षात येतं की शुद्ध कार्बाइडला ५४० जवळपास अशक्यच. तेव्हा या दोन आकड्यांची तुलना बाजूला ठेवा. खरा फरक दुसरीकडे आहे.

एक्सआरडी पदार्थाच्या पोटातलं सांगतो, कातडीचं सांगत नाही. अभिक्रिया तर कातडीवर चालते. कार्बाइडच्या कातडीवर तीन गोष्टींची भांडणं चाललेली असतात: उघडं मॉलिब्डेनम, त्याच्यावर बसलेला जास्तीचा कार्बन आणि न गेलेला किंवा नंतर चिकटलेला ऑक्सिजन. तुम्ही कोणत्या रीतीने बनवता त्यावर या तिघांचं प्रमाण ठरतं. पुढे जे लिहितो आहे ते सगळं याच तिघांभोवती फिरतं.

कार्बाइड उत्प्रेरकांकडे लोकांचं लक्ष गेलं ते १९७३ मध्ये, स्टॅनफर्डच्या लेव्ही आणि बूदार यांच्या छोट्याशा लेखामुळे. टंगस्टन कार्बाइड काही अभिक्रियांमध्ये प्लॅटिनमसारखं वागतं, असं त्यांनी दाखवलं. खोलीच्या तापमानाला हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी करणं, निओपेंटेनचं आयसोपेंटेन करणं अशी ती कामं होती. पण टंगस्टन कार्बाइड तोवर कापायच्या हत्यारांसाठी बनत असे. टंगस्टनची पूड आणि काजळी एकत्र करून १४०० अंशांच्या वर भाजायची. हत्यारासाठी ते उत्तम, पण उत्प्रेरकासाठी कण फारच जाडे पडतात. पुढची दहा-पंधरा वर्षं बूदार यांच्या गटाने तापमान खाली कसं आणायचं याच्यावर घालवली. १९८५ मध्ये व्होल्पे आणि बूदार यांनी आधी नायट्राइड करून त्याचं कार्बाइड केलं. नंतर १९८७ मध्ये ली, ओयामा आणि बूदार यांनी ऑक्साइडपासून थेट जाणारी जी रीत मांडली तीच तुम्ही पहिल्या नमुन्यात वापरली आहे: ऑक्साइड घ्यायचं, मिथेन-हायड्रोजन सोडायचा आणि तापमान सावकाश, ठरलेल्या गतीने चढवायचं.

ही रीत चांगली चालते त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडची घनता ४.७, म्हणजे एक मोल मॉलिब्डेनममागे सुमारे ३१ घन सेंटीमीटर जागा. कार्बाइडमध्ये तेवढंच मॉलिब्डेनम सुमारे ११ घन सेंटीमीटरमध्ये मावतं. कण बाहेरून आपला आकार टिकवून ठेवू शकला तर आतली दोन तृतीयांश जागा रिकामी होते आणि तीच बारीक भोकं बनते. क्षेत्रफळ तिथून येतं. ली आणि ओयामा यांना या रीतीने ५० ते १०० चौरस मीटर मिळत होते. तुम्हाला १२ मिळाले, म्हणजे भोकं बनली होती आणि मग बुजली, किंवा बनतानाच बुजली.

माझा पहिला संशय पाण्यावर आहे. ऑक्साइडमधला ऑक्सिजन पाण्याची वाफ होऊन बाहेर पडतो, आणि ७०० अंशांना पाण्याची वाफ हा बारीक कणांचा सगळ्यात मोठा शत्रू. ती कणांना एकमेकांत चिकटवते आणि झालेलं कार्बाइड पुन्हा ऑक्साइडकडे ओढते. बोटीत पूड पसरली की वायू वरून निघून जातो आणि खालच्या थरातली वाफ जागच्या जागी कोंडते. बोटीच्या वरच्या थरातली आणि तळातली चिमूटभर पूड वेगवेगळी काढून दोन्हींचं बीईटी घेऊन पाहा. मी हे एकदा केलं तेव्हा एकाच बोटीतल्या दोन थरांत दुपटीहून जास्त फरक निघाला होता. त्यानंतर क्षेत्रफळ महत्त्वाचं असेल तिथे मी बोट कधी वापरली नाही. उभी क्वार्ट्झ ट्यूब, मध्ये क्वार्ट्झ वूलची गुंडी, तिच्यावर पातळ थर, आणि वायू थरातून आरपार. पूड थोडी घ्या, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि फ्लो सढळ ठेवा.

रॅम्पचंही, म्हणजे तापमान चढवण्याच्या गतीचंही, तसंच आहे. ट्रायऑक्साइडचं डायऑक्साइड होणं आणि डायऑक्साइडचं कार्बाइड होणं या दोन पायऱ्या साधारण ५५० आणि ६७० अंशांच्या आसपास येतात. दोन्ही वेळा पाणी एकदम सुटतं. बाहेर पडणारे वायू ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असेल तर पाण्याचे दोन डोंगर स्पष्ट दिसतील. मिनिटाला दहा अंशांनी चढवलंत तर हे डोंगर उंच आणि अंगावर येणारे होतात. मिनिटाला एक अंशाने चढवलं तर तेच पाणी तासभरात हळूहळू जातं. विद्यार्थ्यांना सकाळी भट्टी लावून संध्याकाळी नमुना हवा असतो. मी त्यांना रात्रभर चालवायला सांगतो. आणखी एक: सातशेच्या वर ट्रायऑक्साइड उडायला लागतं. रॅम्प घाईत केला आणि आत न बदललेलं ऑक्साइड शिल्लक राहिलं, तर ते उडून ट्यूबच्या थंड भागावर चकचकीत बारीक सुया होऊन बसतं. तुमच्या ट्यूबच्या टोकाला तशा सुया दिसल्या असतील तर मॉलिब्डेनमचा तुमचा हिशेबच चुकलेला आहे.

आता जास्तीचा कार्बन. २० टक्के मिथेन आणि बाकी हायड्रोजन या मिश्रणात साधारण सव्वासहाशे अंशांच्या वर मिथेन फुटून नुसता कार्बन पडणं उष्मागतिकीच्या दृष्टीने शक्य होतं. म्हणजे ७०० ला तुम्ही जेवढा वेळ थांबाल तेवढा कार्बाइड पूर्ण होईल, पण पूर्ण झाल्यावरही मिथेन चालूच राहिला तर कार्बनचा थर त्याच्यावर चढत जाईल. कार्बाइड स्वतःच मिथेन फोडतं, त्यामुळे ही गोष्ट आपोआप थांबत नाही. तुमच्या वर्णनात "७०० अंशांना तीन तास थांबून त्याच मिश्रणात थंड केलं" असं आहे. ते तीन तास मला खटकतात. पातळ थराला तासाच्या आत पुरतं.

हे ओळखण्यासाठी महागडं काही लागत नाही. टीजीएमध्ये, म्हणजे तापवताना वजन मोजत राहणाऱ्या यंत्रात, थोडी पूड हवेत ६०० अंशांपर्यंत सावकाश तापवा. शुद्ध कार्बाइडचं ट्रायऑक्साइड झालं की वजन सुमारे ४१ टक्के वाढायला हवं. त्यात दहा टक्के मुक्त कार्बन असेल तर तो जळून जाईल आणि वाढ २७ टक्क्यांवर येईल. मात्र वाढ कमी दिसली म्हणून लगेच कार्बनवर खापर फोडू नका. न बदललेलं डायऑक्साइड असेल तरीही वाढ कमी दिसते, कारण त्याचं वजन साडेबारा टक्केच वाढतं. दोन्हींतला फरक कार्बनच्या विश्लेषणातून कळतो. शुद्ध कार्बाइडमध्ये कार्बन ५.९ टक्के असतो. तुमचा आकडा त्याच्या वर असेल तर मुक्त कार्बन, खाली असेल तर ऑक्सिजन. दोन्ही एकत्र असतील तर आकडा ५.९ च्या आसपासही येऊ शकतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. म्हणून टीजीए आणि कार्बन हे दोन्ही एकत्र बघायचे.

उपाय सोपा आहे, पण हात हलका लागतो. शेवटी मिथेन बंद करून काही वेळ नुसता हायड्रोजन द्यायचा. तो वरचा सैल कार्बन मिथेन करून नेतो. जास्त वेळ दिलात तर कार्बाइडमधलाच कार्बन जायला लागतो आणि कडेला धातूचं मॉलिब्डेनम दिसू लागतं. मास स्पेक्ट्रोमीटरवर मिथेनचा संकेत आधी झपाट्याने उतरतो, मग एका पातळीवर रेंगाळतो. उतार संपला की थांबायचं.

क्युबिक, म्हणजे घनाकार मांडणीच्या, कार्बाइडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याच्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील. ऑक्साइडवर आधी अमोनिया सोडून ७०० अंशांच्या आसपास नायट्राइड केलं आणि मग त्याच्यावर मिथेन-हायड्रोजन सोडला तर हेक्झागोनल ऐवजी क्युबिक कार्बाइड मिळतं, आणि क्षेत्रफळ दोनशेच्या घरात जाऊ शकतं. कारण नायट्राइडमध्ये मॉलिब्डेनमची मांडणी आधीच क्युबिक झालेली असते. नायट्रोजन आपली जागा सोडतो आणि तिथे कार्बन येऊन बसतो. भाडेकरू बदलला, पण भिंती तिथेच राहिल्या. ट्रायऑक्साइडच्या चपट्या पापुद्र्यांचा आकारसुद्धा शेवटपर्यंत टिकतो. थेट मिथेनमध्ये मात्र डायऑक्साइडमधून जावं लागतं आणि मांडणी पार मोडून नव्याने उभी राहते. २०१७ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या मा दिंग यांच्या गटाने या क्युबिक कार्बाइडवर प्लॅटिनमचे सुटे अणू बसवून मेथॅनॉल आणि पाण्यापासून कमी तापमानाला हायड्रोजन काढला, आणि त्याच वर्षी सोन्याचे पापुद्रे बसवून वॉटर गॅस शिफ्ट करून दाखवली. तुमच्याच अभिक्रियेसाठी २०२४ मध्ये क्युबिक कार्बाइडचं एक ठळक काम आलं आहे, ६०० अंशांना पाचशे तासांच्या वर टिकलेलं. तेव्हा तिसरा नमुना करायचा असेल तर हाच करा.

वाचताना एका घोटाळ्याची काळजी घ्या. अल्फा आणि बीटा ही नावं वेगवेगळे लोक वेगवेगळ्या अर्थाने वापरतात. कुणी क्युबिकला अल्फा म्हणतं, कुणी ऑर्थोऱ्हॉम्बिकला. नावावर जाऊ नका, एक्सआरडीचं चित्र बघा.

आता पॅसिव्हेशन, म्हणजे हवेत काढण्याआधी कातडीवर ऑक्सिजनचा पातळ थर मुद्दाम बसवणं. ही पायरी प्रबंधांमध्ये एका ओळीत उरकलेली असते आणि बहुतेक नमुने इथेच बिघडतात. नवा विद्यार्थी असताना मला भट्टी दुसऱ्याला द्यायची होती, म्हणून एक टक्का ऑक्सिजन चार तासांऐवजी चाळीस मिनिटं दिला आणि ट्यूब उघडली. काळी पूड कागदावर ओतली. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग ढिगाच्या एका कडेला लाल ठिणगी दिसली आणि ती उदबत्तीच्या टोकासारखी सावकाश पूर्ण ढिगातून सरकत गेली. तिच्यामागे पूड आधी निळसर, मग गरम असेपर्यंत पिवळी झाली. थंड झाल्यावर पांढरट हिरवट ट्रायऑक्साइड उरलं, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच परत. कागदालाही भोक पडलं होतं. तीन दिवसांचं काम गेलं, पण कार्बाइडला हवेची भूक किती असते ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

पॅसिव्हेशन नीट केलं तरी कातडीवर ऑक्सिजन राहतोच. अभिक्रियेआधी ४५० अंशांच्या आसपास हायड्रोजन देऊन तो काढतात, पण सगळा निघत नाही. थोडं मिथेन घालून ५९०-६०० अंशांना पुन्हा कार्ब्युराइझ केलं, म्हणजे कार्बन चढवला, तर पृष्ठभाग बराच मूळ रूपाला येतो. आणि राहिलेला ऑक्सिजन मुका बसत नाही. रिबेरो, डॅला बेटा, बूदार आणि इग्लेसिया यांनी १९९१ मध्ये टंगस्टन कार्बाइडवर दाखवलं की ऑक्सिजन बसला की पृष्ठभागावर आम्ल जागा तयार होतात आणि अभिक्रियेचा मार्गच बदलतो. म्हणजे तुमचा एक नमुना सोमवारी पॅसिव्हेट करून लगेच वापरला आणि दुसरा मुंबईच्या जुलैमध्ये तीन आठवडे झाकणाच्या बाटलीत ठेवून वापरला, तर तुम्ही बनवण्याच्या दोन रीतींची नव्हे, दोन साठवणींची तुलना करत असाल. दमट हवेत बाटलीवर भरवसा ठेवू नका, डेसिकेटरमध्ये किंवा आर्गनखाली ठेवा. सगळ्यात उत्तम म्हणजे रिॲक्टरमध्येच कार्ब्युराइझ करून हवा न दाखवता थेट अभिक्रिया सुरू करणं. तुमच्याकडे मिथेनची लाइन रिॲक्टरला आहे असं तुम्ही लिहिलंय, तर तेच करा.

आता तुमचा दुसरा नमुना. कार्बनमध्ये जिरवून हायड्रोजनमध्ये तापवणं, म्हणजे कार्बोथर्मल रीत. यात कार्बन आधारातूनच येतो आणि वरून मिथेन पडत नाही, त्यामुळे कणांवर कार्बनची साय कमी धरते. कण भोकांमध्ये अलग अलग बसतात, म्हणून वाफेने चिकटायला शेजारीही कमी. चौपट कामाचा मोठा वाटा यात असावा. हे पारखायचं तर बीईटी सोडा आणि सीओ केमिसॉर्प्शन घ्या, म्हणजे पृष्ठभागाला किती कार्बन मोनॉक्साइड (सीओ) चिकटतो ते मोजा, दोन्ही नमुने रिॲक्टरमध्ये ताजे कार्ब्युराइझ किंवा रिड्यूस करून. ग्रॅम मॉलिब्डेनममागे सीओ किती बसतो तो आकडा घेऊन वेग त्याने भागा. चौपट फरक तिथे दीडपटीवर आला तर उत्तर मिळालं: दुसऱ्यात उघड्या जागा जास्त आहेत, जागा वेगळ्या नाहीत.

पण मिथेन कमी बनण्याचं कारण मला दुसरंच वाटतं. करवंटीच्या कार्बनमध्ये पोटॅशियम असतं. झाडाच्या राखेत असतं तसंच, कधी टक्क्याच्या आसपास. पोटॅशियम मॉलिब्डेनम कार्बाइडवर कार्बन मोनॉक्साइडची निवड वाढवतं आणि मिथेन दाबतं, हे या अभिक्रियेत माहीत असलेलं आहे. लोक ते मुद्दाम घालतात. तुमच्याकडे ते न सांगता आलेलं असावं. हाच कार्बन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करून, पाणी तटस्थ होईपर्यंत आणि क्लोराइड जाईपर्यंत धुवा, मग तसाच नमुना बनवा. मिथेन वाढला तर ते पोटॅशियमचं काम होतं. धुतलेल्या नमुन्यावर मोजून पोटॅशियम कार्बोनेट घालून मूळ निकाल परत आला तर तुमच्या हाती प्रबंधाचं एक चांगलं प्रकरण आहे. हाच धडा सोडियम मॉलिब्डेट वापरणाऱ्यांनाही लागू आहे, सोडियम जात नाही. आणि बॉल मिलमध्ये स्टीलच्या भांड्यात दळणाऱ्यांच्या नमुन्यात लोखंड येतं, तेही असंच मागच्या दाराने.

बाकीच्या रीतींबद्दल थोडक्यात. अमोनियम मॉलिब्डेट आणि हेक्झामिथिलीनटेट्रामिन यांचा स्फटिक करून आर्गनमध्ये ७०० अंशांना तापवणं सोपं आहे, मिथेनही लागत नाही. पण नायट्रोजन आणि कार्बन मागे राहतात आणि अमाइनचे वायू फ्यूम हूडमध्येच सोडावे लागतात. ॲल्युमिनावर कमी मॉलिब्डेनम बसवलं तर ते आधाराला इतकं घट्ट चिकटतं की ७०० ला अर्धवटच कार्बाइड होतं. तिथे एक्सआरडीत काही न दिसणं म्हणजे "बारीक कण" असं धरू नका, ते ऑक्साइडही असू शकतं. झेडएसएम-५ या बारीक भोकांच्या झिओलाइटवर मिथेनपासून बेंझीन करणाऱ्यांनी तर कार्बाइड वेगळं बनवलेलंच नसतं. १९९३ मध्ये चीनमधल्या दालियानच्या गटाने ही अभिक्रिया दाखवली तेव्हापासून हेच दिसतं की पहिला काही वेळ बेंझीन येत नाही, कारण त्या वेळात मिथेनच ऑक्साइडचं कार्बाइड करत असतो.

आणि अभिक्रिया कोणती त्यावर "चांगली रीत" बदलते. विद्युत्-रसायनात हायड्रोजन काढायचा असेल तर विद्युत वाहणारा पातळ कार्बन उलट उपयोगी पडतो. २०१२ मध्ये लोझानच्या व्रुबेल आणि हू यांनी बाजारात मिळणाऱ्या जाड्या मॉलिब्डेनम कार्बाइडवरही चांगलं काम दाखवलं होतं. उलट मिथेनच्या ड्राय रिफॉर्मिंगमध्ये, म्हणजे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बनवताना, कार्बन डायऑक्साइड कार्बाइडलाच खातो. १९९७ मध्ये ऑक्सफर्डच्या ग्रीन यांच्या गटाला दिसलं की साध्या दाबाला कार्बाइडचं डायऑक्साइड होत जातं, दाब वाढवला की ते टिकतं. तुमच्याही रिॲक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइड आणि तयार होणारं पाणी आहेच. म्हणून पहिल्या तासाच्या आकड्यांवर निष्कर्ष काढू नका. दोन्ही नमुने किमान २४ तास चालवा, आणि उतरवल्यावर पुन्हा टीजीए आणि कार्बनचं विश्लेषण करा. कुणी जास्त ऑक्सिजन घेतला आहे ते तिथे कळेल.

पहिला नमुना आधी पुन्हा बनवा: उभी ट्यूब, पातळ थर, मिनिटाला एक अंश, ७०० ला एक तास, शेवटी हायड्रोजन, आणि रिॲक्टरमध्येच. करवंटीचा कार्बन धुवून दुसरा. मग दोघांचा सीओ केमिसॉर्प्शन. हे आकडे आल्यावर लिहा, क्युबिकच्या अमोनिया पायरीचे फ्लो आणि तापमान मी तेव्हा तपशिलात देतो. अमोनियासाठी रेग्युलेटर स्टेनलेस स्टीलचा घ्या, पितळेचा नको.